गावाकडे जाणारा रस्ता: वेगवान हवा, सुरक्षित हवा… आणि देखणाही!

दिवाळी असो, गणपती असो की मे महिन्याची सुट्टी, बेंगळुरूत राहणाऱ्या आपल्यासारख्या अनेक मराठी कुटुंबांचा रस्ता ठरलेला असतो. तुमकुरू, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी-धारवाड, बेळगाव, निपाणी आणि मग कोल्हापूर, कराड, सातारा. हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८. पूर्वी याला सगळे ‘एनएच फोर’ म्हणायचे, घरातली मोठी माणसं अजूनही तसंच म्हणतात.

या प्रवासात गाडीतल्या प्रत्येकाचं रस्त्याबद्दल वेगळं मत असतं. चालवणाऱ्याला वाटतं, रस्ता मोकळा हवा. आजीला वाटतं, मध्ये कुठेतरी सावलीत थांबता यावं. मुलांना खिडकीतून बघायला काहीतरी हवं असतं. आणि ज्या गावांमधून आपण शंभरच्या वेगानं निघून जातो, तिथल्या लोकांना फक्त एवढंच हवं असतं की शाळेतून, शेतातून घरी येताना रस्ता जिवंतपणे ओलांडता यावा.

या सगळ्या मागण्या एकाच रस्त्यात बसतील का? आपल्याकडे उत्तर बहुतेक वेळा असं असतं: आधी रस्ता होऊ दे, सुशोभीकरण नंतर बघू. मग रस्ता झाल्यावर दुभाजकात चार फुलझाडं लागतात, पुलाच्या खांबांवर चित्रं रंगवली जातात आणि काम संपतं. म्हणजे वरातीमागून घोडं!

पण रस्त्याचा देखणेपणा शेवटी लावायचा रंग नसतो. नकाशावर पहिली रेषा ओढतानाच तो ठरतो. आणि गंमत म्हणजे, बऱ्याचदा तीच रेषा माणसांचे जीवही वाचवते. कसं ते पाहूया.

गाडी हातांनी नाही, डोळ्यांनी चालते

एक साधा हिशेब करून बघा. गाडी ताशी ८० किलोमीटर वेगानं चालली असेल, तर ती एका सेकंदात साधारण २२ मीटर पुढे जाते. समोर अचानक म्हैस आली, तर ती दिसणं, मेंदूनं ओळखणं आणि पाय ब्रेकवर जाणं यासाठी रस्त्यांचे इंजिनिअर अडीच सेकंद धरतात. म्हणजे ब्रेक दाबायच्या आधीच गाडी ५५ मीटर पुढे गेलेली असते! पुढे गाडी थांबायला आणखी अंतर लागतं. म्हणून या वेगासाठी चालकाला समोरचा किमान १२० मीटर रस्ता दिसला पाहिजे, असं आपल्या देशातलं मानक आहे. ताशी १०० च्या वेगासाठी हेच अंतर १८० मीटर आहे.

ही मानकं ठरवते इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था. तिच्या जन्मामागे एक मराठी नाव आहे. १९२७ साली देशातल्या रस्त्यांचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. या समितीच्या शिफारशींमधूनच १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस सुरू झाली. पुढे १९४३ मध्ये देशभरातले मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी रस्त्यांची पहिली वीस वर्षांची योजना आखली. ती आजही ‘नागपूर प्लॅन’ म्हणूनच ओळखली जाते. शेतीच्या भागातलं कोणतंही गाव मुख्य रस्त्यापासून आठ किलोमीटरपेक्षा लांब नसावं, हा तिचा एक उद्देश होता.

तेव्हा प्रश्न होता, रस्ता गावापर्यंत पोहोचणार कसा. आज बहुतेक ठिकाणी तो पोहोचला आहे. आता प्रश्न आहे, तो कसा पोहोचतो.

चांगल्या रस्त्यावर वळण येणार हे आधीच कळतं. चढाच्या माथ्यावर पोहोचल्यावर पलीकडे एकदम तीव्र वळण समोर येत नाही. वळणही झटकन सुरू होत नाही, हळूहळू वाढत जातं, त्यामुळे स्टीअरिंगही हळूहळू फिरतं. वळणावर रस्त्याची बाहेरची कड थोडी उंच ठेवलेली असते, म्हणजे गाडी बाहेर फेकली जात नाही. असा रस्ता दुरून पाहिला तर जमिनीवर सहज सोडलेल्या ओढणीसारखा दिसतो. तो सुंदर दिसतो, कारण तो जमिनीच्या चढउतारांशी भांडत नाही. आणि त्याच कारणानं तो चालवायलाही सोपा जातो.

अगदी सरळ रस्ता म्हणजे चांगला रस्ता?

मग वाटेल, वळणंच नकोत. सरळ रस्ता सगळ्यात सुरक्षित! पण तसंही नाही.

आपला समृद्धी महामार्गच घ्या. नागपूर ते मुंबईजवळच्या भिवंडी तालुक्यातलं आमणे, लांबी ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला संपूर्ण मार्ग खुला झाला. विदर्भातून मुंबईला येणाऱ्यांचे कितीतरी तास वाचले, हे कोणीही मान्य करेल.

पण हा रस्ता सुरू झाल्यावर मराठी घराघरांत एक नवा शब्दही पोहोचला: हायवे हिप्नोसिस, म्हणजे रस्त्याची गुंगी. रस्ता मैलोन् मैल एकसारखा असला, बघायला काही नसलं, थांबायला जागा नसली, की चालकाचे डोळे उघडे असतात पण मन झोपेला लागतं. हात स्टीअरिंगवर असतात, पण गेल्या दहा किलोमीटरमध्ये काय दिसलं हे आठवत नाही. सुरुवातीच्या काळात तर या मार्गावर चहा-पाण्याची, विश्रांतीची ठिकाणंही फारच कमी होती.

यावर उपाय काय? इथे सौंदर्य थेट कामाला येतं. लांब पल्ल्याच्या रस्त्याला मुद्दाम सौम्य वळणं देता येतात. काही अंतरावर झाडांची जात बदलता येते, कधी दाट रांग तर कधी मोकळं शिवार. दूरवरचा डोंगर किंवा देवळाचा कळस समोर येईल अशी रेषा धरता येते. ठरावीक अंतरावर सावली, स्वच्छतागृह आणि चहा असलेली जागा देता येते. डोळ्यांना काम मिळालं की मन जागं राहतं. आपली मुलं खिडकीतून बघताना कंटाळत नाहीत, तो रस्ता चालकालाही झोपवत नाही!

रस्ता अचानक बदलतो तेव्हा…

बेंगळुरूहून गावी जाणाऱ्यांना हुबळी-धारवाडचा बायपास चांगलाच माहीत आहे. दोन्हीकडे रुंद महामार्ग, आणि मध्ये सुमारे ३० किलोमीटरचा दोनपदरी, दुभाजक नसलेला पट्टा. पुढे त्याच्या रुंदीकरणाचं काम हाती घेतलं गेलं, पण त्याआधी या पट्ट्यानं अनेक जीव घेतले. १५ जानेवारी २०२१ ला दावणगेरेहून गोव्याच्या सहलीला निघालेल्या मैत्रिणींच्या मिनीबसची इथे टिपरशी टक्कर झाली आणि किमान ११ जणांचा मृत्यू झाला. अनेक घरांतल्या आया त्या दिवशी परत आल्या नाहीत.

अशा अपघातांमागे अनेक कारणं असतात. पण रस्त्याच्या रचनेपुरता धडा स्पष्ट आहे. रुंद रस्त्यावर तासभर गाडी चालवली की मन त्या वेगाला सरावतं. रस्ता अरुंद झाला तरी पाय ॲक्सिलरेटरवरून लगेच उचलला जात नाही. फक्त एक पिवळी पाटी लावून हे होत नाही.

नेदरलँड्समध्ये १९९० च्या दशकात रस्त्यांच्या अभ्यासकांनी यावर एक छान कल्पना मांडली: रस्ता स्वतःच बोलला पाहिजे. म्हणजे पाटी वाचायच्या आधीच, नुसतं रस्त्याकडे बघून चालकाला कळलं पाहिजे की इथे किती वेगानं जायचं.

आपल्याकडच्या गावरस्त्यांना हे किती लागू पडतं बघा. गाव सुरू होण्याच्या दीड-दोनशे मीटर आधी दोन्ही बाजूंना झाडांची रांग सुरू झाली, डांबराचा रंग किंवा पोत बदलला, साइडपट्टीला दगडी कड आली, गावाच्या नावाची ठसठशीत कमान दिसली, की पाय आपोआप हलका होतो. याउलट गावाच्या मधोमध, रात्री न दिसणारा, पट्टे न मारलेला स्पीडब्रेकर! तो वेग कमी करतो खरा, पण दुचाकीवरच्या नवरा-बायको आणि मुलाला आधी हवेत उडवून.

हा विषय किती गंभीर आहे, ते एका आकड्यावरून कळेल. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले साधारण दोन तृतीयांश मृत्यू ग्रामीण भागातले होते.

हुलिकलची ३८५ वडाची झाडं

आता रस्त्याकडेच्या झाडांबद्दल बोलूया, कारण रस्त्याचं सौंदर्य म्हटलं की आपल्याला आधी तीच आठवतात.

बेंगळुरूच्या पश्चिमेला मागडी तालुका आहे. तिथे हुलिकल ते कुदूर या रस्त्यावर सुमारे चार किलोमीटर दोन्ही बाजूंना वडाची झाडं आहेत. ती लावली तिम्मक्का आणि त्यांचे पती चिक्कय्या यांनी. दोघंही मजुरी करणारे. मूलबाळ नव्हतं. मग त्यांनी वडाची रोपं लावायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी दहा, दुसऱ्या वर्षी पंधरा, तिसऱ्या वर्षी वीस. पाण्याच्या घागरी वाहून नेऊन ती जगवली, गुरांनी खाऊ नये म्हणून काट्यांचं कुंपण केलं. रोपं पावसाळ्याच्या तोंडाशी लावायची, म्हणजे निसर्ग मदतीला येतो, हे शहाणपणही त्यांच्याकडे होतं. लोकांनी त्यांना नाव दिलं ‘सालुमरद’ तिम्मक्का. कन्नडमध्ये सालुमर म्हणजे झाडांची रांग. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १४ नोव्हेंबर २०२५ ला, वयाची शंभरी केव्हाच ओलांडलेल्या तिम्मक्का गेल्या.

पण २०१९ हे वर्ष त्यांच्यासाठी फक्त सन्मानाचं नव्हतं. त्याच वर्षी बागेपल्ली-हलगूर रस्त्याच्या रुंदीकरणात याच झाडांवर कुऱ्हाड येण्याची भीती निर्माण झाली. ज्या झाडांसाठी राष्ट्रपती भवनात गौरव झाला, ती वाचवा, असं सांगायला तिम्मक्कांना सरकारकडे जावं लागलं. झाडं न तोडता काय करता येईल ते पाहू, असं आश्वासन तेव्हाच्या राज्य सरकारनं दिलं.

जरा विचार करा. तिम्मक्का पद्मश्री होत्या म्हणून त्यांचं ऐकलं गेलं. तुमच्या-माझ्या गावाच्या फाट्यावरच्या चिंचेसाठी कोण बोलणार?

भोसेचा वड: वाचला, पण…

याचं उत्तर देणारी गोष्ट महाराष्ट्रातलीच आहे. सांगली जिल्ह्यात मिरज तालुक्यातल्या भोसे गावात यल्लम्मा देवीच्या देवळाजवळ एक वड होता. लोक सांगत, चारशे वर्षांचा. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात तो तोडला जाणार हे २०२० मध्ये कळलं आणि गावकरी, पर्यावरणप्रेमी, तरुण मुलं झाडाभोवती उभी राहिली. तो कोरोनाचा काळ होता, तरी आवाज पोहोचला. तेव्हाचे राज्याचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांना पत्र लिहिलं आणि झाड वाचवण्यासाठी महामार्गाच्या आराखड्यात बदल करायचं ठरलं.

किती आनंदाची गोष्ट! रस्ताही झाला, झाडही राहिलं. पण २०२२ मध्ये वादळी पावसात तो वड कोसळला.

चारशे वर्षांचं झाड कधीतरी पडणारच, असंही म्हणता येईल. पण यातून रस्ता आखणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. झाड म्हणजे फक्त खोड नव्हे. वडाची मुळं त्याच्या फांद्यांइतकी, कधी त्याहूनही लांब पसरतात. खोडाला कुऱ्हाड न लावता बाजूची माती खणली, भराव टाकला, डांबर ओतलं, तरी झाडाचे पाय दुबळे होतात. म्हणून जुनं झाड वाचवायचं असेल तर त्याच्या घेराएवढी मोकळी जमीनही वाचवावी लागते. आणि ती नकाशावरच सोडावी लागते, जेसीबी आल्यावर नाही.

पण झाडाला धडकूनही माणसं मरतात!

हो, हेही खरं आहे आणि ते टाळून चालणार नाही. वेगवान रस्त्याच्या अगदी कडेला असलेलं जाड खोड हे घसरलेल्या गाडीसाठी भिंतीसारखंच असतं. जुन्या रस्त्यांवर झाडांच्या खोडांना चुना आणि गेरूचे पट्टे मारलेले तुम्ही पाहिले असतील. ते शोभेसाठी नव्हते. रात्री कंदिलाच्या आणि पुढे हेडलाइटच्या उजेडात रस्त्याची कड कळावी म्हणून ते असायचे.

त्यामुळे जिथे चौपदरी रस्ता आणि दुभाजक खरंच हवा, तिथे तो व्हायलाच हवा. समोरासमोरच्या धडका त्यामुळेच टळतात. मात्र रुंदीकरण दोन्ही बाजूंनी करायचं, की जुना झाडांचा रस्ता एका दिशेसाठी तसाच ठेवून दुसरा रस्ता पलीकडून न्यायचा, हा पर्याय असतो. जुना सावलीचा रस्ता गावातल्या सायकली, बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि चालणाऱ्यांसाठी सर्व्हिस रोड म्हणूनही ठेवता येतो. एका दगडात तीन पक्षी: वेगवान वाहनं झाडांपासून लांब, हळू जाणारे लोक सावलीत आणि झाडं जागेवर.

नवी झाडं लावतानाही थोडं डोकं वापरलं की काम सोपं होतं:

• दुभाजकात झुडपं हवीत, मोठी झाडं नकोत. समोरच्या गाडीच्या हेडलाइटची तिरीप ती अडवतात. कण्हेर इथे का लावतात माहीत आहे? ती कमी पाण्यात जगते, वर्षभर फुलते आणि विषारी असल्यामुळे गुरं तिला तोंड लावत नाहीत!

• गुलमोहर मे महिन्यात रस्ता पेटवून टाकतो, पण त्याच्या फांद्या वाऱ्यात लवकर मोडतात. तो डांबरापासून जरा लांब असलेला बरा.

• वड, पिंपळ, चिंच, कडुलिंब, आंबा यांना जागा आणि वर्षं दोन्ही द्यावी लागतात. थांबे, फाटे, विश्रांतीच्या जागा इथे ती शोभतात आणि उपयोगीही पडतात.

• वळणाच्या आतल्या बाजूला दाट झाडी नको. तिथे नजर पलीकडे गेली पाहिजे.

ही कल्पना काही परदेशी नाही. सम्राट अशोकानं त्याच्या शिलालेखात सांगितलं आहे की रस्त्यांवर माणसांच्या आणि जनावरांच्या उपयोगासाठी विहिरी खणल्या आणि झाडं लावली. ‘जनावरांच्या’ हा शब्द लक्षात घ्या. रस्ता सगळ्यांचा असतो, हे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरलेलं आहे.

डोंगर कापायचा की त्याच्या कलानं जायचं?

कोकणात गणपतीला जाणाऱ्यांना चिपळूणजवळचा परशुराम घाट वेगळा सांगायला नको. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणासाठी इथे डोंगर उभा कापला गेला. पाऊस आला की दरड खाली येते. २०२२ मध्ये तर उन्हाळ्यातच कामासाठी हा घाट रोज काही तास बंद ठेवावा लागला होता.

उभा कापलेला लाल डोंगर डोळ्यांना बोचतो, तो एखाद्या जखमेसारखा दिसतो. आणि तो खरंच जखम असतो. कोकणातली माती जांभ्याची, पाऊस धो-धो. उतार कमी ठेवला, टप्प्याटप्प्यानं कापला, पाण्याला वाट करून दिली आणि वर गवत-झुडपं रुजवली, तर डोंगर टिकतो. दिसायलाही बरा दिसतो. इथेही देखणेपणा आणि सुरक्षितता एकाच बाजूला उभ्या आहेत.

अमेरिकेत ब्लू रिज पार्कवे नावाचा सुमारे ७५५ किलोमीटरचा डोंगररस्ता आहे. त्याचं काम १९३५ मध्ये सुरू झालं. सगळा रस्ता झाला, पण ग्रँडफादर माउंटन या डोंगराजवळचा तुकडा वर्षानुवर्षं अडकून पडला, कारण डोंगर फोडायला विरोध होता. शेवटी इंजिनिअरांनी डोंगराच्या कडेनं अधांतरी वळत जाणारा सुमारे ३८० मीटरचा पूल बांधला, कारखान्यात तयार केलेले १५३ तुकडे एकापुढे एक जोडत. १९८७ मध्ये रस्ता पूर्ण झाला. तो लिन कोव्ह पूल आज बघायला लोक लांबून येतात. पैसे जास्त लागले, वेळ लागला, पण डोंगर जागेवर राहिला.

आपल्याकडे असं होऊ शकत नाही का? झालंय की! नागपूरहून उत्तरेकडे जाणारा महामार्ग क्रमांक ४४ पेंचच्या जंगलातून जातो. महाराष्ट्राच्या हद्दीतल्या मनसर-खवासा पट्ट्यात वन्यजीवांसाठी नऊ ठिकाणी रस्ता उचलून घेतला आहे. त्यातले सर्वांत लांब पूल ७५० मीटरचे आहेत. वरून ट्रक जातात, खालून जंगल सलग राहतं. २०१९ मध्ये तिथल्या कॅमेऱ्यांनी १८ जातींचे वन्यप्राणी टिपले, त्यांत वाघही होता! हे पूल कोर्टकचेऱ्या आणि वर्षांच्या भांडणानंतर झाले. पण झाले.

पाणी आणि माणूस, दोघांनाही वाट हवी

बेंगळुरू-म्हैसूर एक्सप्रेसवेचं उदाहरण तर आपल्या दारातलं. ११८ किलोमीटरचा हा रस्ता १२ मार्च २०२३ ला देशाला अर्पण झाला आणि तीन तासांचा प्रवास दीड तासावर आला. पण त्याआधी, ऑगस्ट २०२२ च्या शेवटी, मोठ्या पावसात रामनगरजवळ याच रस्त्यावर गाड्या बुडतील इतकं पाणी साचलं होतं. तलाव आणि ओढे भरून वाहिले की पाणी आपली जुनी वाट शोधतं. त्या वाटेवर उंच भराव घातला आणि मोऱ्या कमी पडल्या, तर रस्ताच धरण होतो.

माणसांचंही तसंच आहे. सुरुवातीला या रस्त्यावर खूप अपघात झाले. १ ऑगस्ट २०२३ पासून मुख्य मार्गावर दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांना बंदी घातली गेली, वेगावर कॅमेऱ्यांची नजर आली आणि मृत्यूंचं प्रमाण बरंच कमी झालं. चांगलंच झालं. पण मग दुचाकीवरून दूध घालणाऱ्या शेतकऱ्यासाठी सर्व्हिस रोड सलग आणि चांगला हवा, नाही का? शाळेत जाणाऱ्या मुलीला रस्त्यापलीकडे जायला दोन किलोमीटर वळसा नको. भुयारी मार्ग असेल तर त्यात पाणी आणि अंधार नको. नाहीतर माणसं कठडा ओलांडून धावत जाणारच.

एसटी थांब्यावर सावली, बसायला कट्टा, प्यायला पाणी. हेही रस्त्याचंच सौंदर्य. गाडीतून जाणाऱ्याला ते क्षणभर दिसतं, पण गावातल्या आजोबांना ते रोज लागतं.

खर्चाचं काय?

हा प्रश्न येणारच. २०१५ मध्ये केंद्र सरकारनं हरित महामार्ग धोरण आणलं. त्यात प्रकल्पाच्या एकूण खर्चाच्या १ टक्का रक्कम झाडं लावण्यासाठी आणि ती जगवण्यासाठी ठेवायची, असं म्हटलं आहे. म्हणजे पैशाची तरतूद कागदावर आहे. खरा प्रश्न ‘जगवण्याचा’ आहे. लावलेल्या रोपाला पहिली तीन-चार वर्षं पाणी आणि कुंपण मिळालं नाही, तर ते फक्त उद्घाटनाच्या फोटोत उरतं. तिम्मक्कांकडे बजेट नव्हतं, घागरी होत्या.

आणि आखणीत शहाणपण दाखवायला नेहमीच जास्त पैसे लागतात असं नाही. बऱ्याचदा फक्त वेळेवर विचारावं लागतं.

आपण काय करू शकतो?

रस्ता तयार झाल्यावर तक्रार करणं म्हणजे बैल गेला नि झोपा केला. खरी वेळ आधीची असते:

• राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घेण्याची अधिसूचना निघाल्यावर, त्या जमिनीशी संबंध असलेल्यांना हरकत नोंदवायला २१ दिवस मिळतात. गावी शेत असेल तर घरच्यांना स्थानिक वर्तमानपत्रातल्या जाहिरातींवर लक्ष ठेवायला सांगा.

• मोठ्या महामार्ग प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी देण्याआधी जनसुनावणी होते. तिथे जाऊन बोलता येतं.

• ‘रस्ता नको’ यापेक्षा ‘रस्ता असा हवा’ हे सांगा. भुयारी मार्ग शाळेजवळ हवा, ओढ्यावर मोरी मोठी हवी, देवळाजवळचा वड घेरासकट सोडा. नकाशावर बोट ठेवून मागितलेली गोष्ट मिळण्याची शक्यता जास्त असते.

• ग्रामसभेत रस्त्याकडेच्या जुन्या झाडांची यादी करून ठेवा, फोटोसकट. झाडाची नोंद असेल तर त्याच्या बाजूनं बोलणं सोपं जातं.

पुढच्या प्रवासात मुलांसोबत खेळा: ‘रस्ता वाचा’!

मोबाइल थोडा वेळ बाजूला ठेवा आणि मुलांना हे शोधायला सांगा. बरोबर सांगितलं की एक गुण:

१. पाटी न वाचता ओळखा, पुढे वळण आहे का? कशावरून कळलं?

२. गाव येतंय हे रस्त्यानं किती आधी सांगितलं?

३. शंभर वर्षांचं वाटेल असं एक झाड शोधा. त्याच्या मुळांना मोकळी माती आहे का?

४. इथे राहणारी तुमच्या वयाची मुलगी शाळेत जाताना रस्ता कुठून ओलांडत असेल?

५. पाऊस आला तर पाणी कुठून जाईल?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मुलं शांत होतात, आणि बऱ्याचदा मोठी माणसंही. कारण अनेक ठिकाणी उत्तर सापडतच नाही.

रस्ते रुंद होत राहतील, व्हायलाच हवेत. आपल्यालाही गावी लवकर पोहोचायचं असतं. फक्त तुमच्या गावाजवळ पुढचा नकाशा उलगडला जाईल, तेव्हा हेच पाच प्रश्न तिथल्या अधिकाऱ्यांना विचारा. पेन्सिलीची रेषा खोडता येते, काँक्रीटची नाही.

तुमच्या गावाकडच्या रस्त्यावरची कोणती जागा तुम्हाला सगळ्यात जास्त आवडते? आणि कुठून जाताना आजही छातीत धस्स होतं? घरात सगळ्यांना विचारून बघा, आजी-आजोबांना तर नक्कीच!